गाव उठलं, वृद्धाश्रम राहिला

दरवर्षी मार्चमध्ये मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना एक कागद वाटते. त्यावर एवढंच लिहिलेलं असतं: "डोंगरातलं गाव. वस्ती सहा हजार. महिन्याभरात गाव रिकामं करायचा हुकूम आला आहे. गावात एक वृद्धाश्रम आहे, त्यात शंभराच्या आसपास म्हातारी माणसं, बरीचशी अंथरुणाला खिळलेली. त्यांना हलवायचं की तिथेच ठेवायचं? दहा मिनिटं." देश कुठला, हुकूम कशासाठी, हे मी सांगत नाही.

जवळजवळ सगळ्या "हलवायचं" लिहितात. मुंबईत वाढलेल्या मुलींना माणसं हलवणं म्हणजे वाचवणंच वाटतं. २६ जुलैच्या पुराच्या गोष्टी घरोघरी ऐकलेल्या असतात: गळाभर पाणी, दोरी, कुणाच्या तरी पहिल्या मजल्यावर काढलेली रात्र. त्यात हलायचं ते एका रात्रीपुरतं. दुसऱ्या दिवशी चिखल उपसायला का होईना, माणूस आपल्याच घरी परत येतो.

कागद गोळा झाले की मी फळ्यावर नाव लिहिते: इइताते, फुकुशिमा प्रांत, जपान, २०११. वाचणारी एखादी तरी म्हणतेच, "मॅडम, दोनदा इ लिहिलंत."

११ मार्च २०११ चा ९.० तीव्रतेचा भूकंप आणि त्यामागून आलेली लाट सगळ्यांना ठाऊक आहे. फुकुशिमा दाइइची अणुऊर्जा प्रकल्पाची बाहेरून येणारी वीज भूकंपात गेली. तळघरातले डिझेल जनरेटर लाटेत बुडाले, इंधन थंड ठेवणारं पाणी थांबलं. तीन अणुभट्ट्यांचा गाभा वितळला, १२, १४ आणि १५ मार्चला इमारतींमध्ये हायड्रोजनचे स्फोट झाले. (तारापूरच्या १९६९ सालच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या त्याच म्हणजे उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. वर्गात हे सांगितलं की पालघरकडच्या मुली ताठ बसतात.) सरकारने प्रकल्पाभोवती वर्तुळं काढायला सुरुवात केली. आधी तीन किलोमीटर, मग दहा, मग वीस. वीस ते तीसमधल्यांनी दारं-खिडक्या लावून घरात बसायचं.

किती अंतर ते कळावं म्हणून मी मुंबईचा नकाशा लावते आणि दादरवर कंपासचं टोक टेकवते. वीस किलोमीटरचं वर्तुळ मुलुंडच्या आसपास संपतं. इइताते त्या प्रकल्पापासून हवाई अंतराने चाळीसेक किलोमीटर, म्हणजे दादरहून कल्याण. कल्याणची माणसं निर्धास्त असणार, तशीच तीही होती. समुद्रकाठच्या मिनामिसोमाहून निघालेले शेकडो लोक पहिल्या दिवसांत इइतातेतच आश्रयाला आले. गावाने शाळा उघडून दिल्या, भाताच्या मुटक्या वळल्या, पांघरुणं गोळा केली. त्या गावाचा एक आवडता शब्द आहे, "मादेई". मूळ अर्थ दोन्ही हातांनी, म्हणजे मनापासून, नीट, हात न आखडता. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना काही देताना डावा हात उजव्या कोपराला लावतात, ते मला हा शब्द वाचला की आठवतं.

१५ मार्चला वारा वायव्येला वळला. डोंगरावर आधी पाऊस आणि मग बर्फ पडला, आणि हवेतलं किरणोत्सर्गी सीझियम, आयोडीन त्याच्यासोबत खाली आलं. त्या संध्याकाळी इइतातेच्या गाव-कार्यालयाजवळ तासाला ४४.७ मायक्रोसिव्हर्टची नोंद झाली. (अंगाला किरणोत्सर्गाची किती मात्रा लागते, ते सिव्हर्टमध्ये मोजतात.) एरवी असतं त्याच्या शेकडो पट. वाऱ्यासोबत किरणोत्सर्ग कुठे जाईल याचा अंदाज बांधणारी संगणक-यंत्रणा सरकारकडे होती. तिचे नकाशे लोकांसमोर पहिल्यांदा आले ते २३ मार्चला. ३० मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सांगितलं की इइतातेतल्या मातीचा नमुना स्थलांतराच्या निकषांपैकी एकाच्या वर आहे. वर्षाला २० मिलिसिव्हर्टची, म्हणजे वीस हजार मायक्रोसिव्हर्टची, रेघ धरून गाव "नियोजित स्थलांतर क्षेत्र" ठरलं ते २२ एप्रिलला. महिन्याभरात निघा.

म्हणजे सर्वांत जास्त मात्रा होती ते दिवस गावाने इतरांना जेवू घालण्यात घालवले, आणि बाहेर पडायचा हुकूम आला तो ती बरीच उतरल्यावर. पुढे इथली माणसं सरकारी आकड्यांवर वर्षानुवर्षं विश्वास का ठेवेनात, याचं उत्तर मला तरी या पाच आठवड्यांत दिसतं. "लोक उगाच घाबरले" असं लिहिणाऱ्या तज्ज्ञांनी हे पाच आठवडे एकदा तारीखवार वाचावेत.

गाव सोडावं लागणार ही बातमी आली तेव्हा इइतातेत १०२ वर्षांचे एक आजोबा होते. जन्मभर त्याच गावात शेती केलेली. त्यांनी घरातच जीव दिला. २०१८ मध्ये फुकुशिमाच्या जिल्हा न्यायालयाने त्यांच्या कुटुंबाला भरपाई देण्याचा आदेश प्रकल्पाच्या मालक कंपनीला दिला. १०२ वर्षांच्या माणसाला किरणोत्सर्गापासून नेमकं काय वाचवायचं होतं? कर्करोग व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. हा प्रश्न मी वर्गात विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. पटकन कधीच येत नाही.

आता वृद्धाश्रम. गावाच्या प्रमुखांनी आणि वृद्धाश्रम चालवणाऱ्यांनी सरकारपुढे मांडलं की ही माणसं हलवू नका. इमारत काँक्रीटची, आतली मात्रा बाहेरच्यापेक्षा बरीच कमी. माणसं बहुतेक वेळ आतच असतात. कर्मचारी बाहेरून रोज ये-जा करतील, त्यांची मात्रा मोजत राहू. सरकारने खास परवानगी दिली. सहा हजारांचं गाव उठलं आणि वृद्धाश्रम राहिला. त्या रिकाम्या गावात रात्री दिवा दिसायचा तो मोजक्या ठिकाणी, आणि त्यातलं एक हे.

हा निर्णय बरोबर होता का, हे ठरवायला शेजारी काय झालं ते पाहावं लागतं.

प्रकल्पापासून साडेचार किलोमीटरवर, ओकुमा गावात एक रुग्णालय होतं. तिथले अंथरुणावरचे रुग्ण आणि जवळच्या वृद्ध-केंद्रातली माणसं १४ मार्चला बसमध्ये चढवली. सरळ रस्ता बंद. आधी किरणोत्सर्गाच्या तपासणीसाठी एकीकडे, मग डोंगराला वळसा घालून दुसरीकडे, असं करत सुमारे २३० किलोमीटर, दहा तासांहून जास्त. बसमध्ये नर्स नाही. नळीने अन्न घेणारी, सलाईनवरची माणसं सीटवर बसवलेली. पोहोचली ती एका शाळेच्या व्यायामशाळेत. काही वाटेतच गेली, काही पुढच्या दिवसांत. कंपनीच्या माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांवर पुढे जो फौजदारी खटला चालला, त्यात याच ४४ जणांच्या मृत्यूंचा आरोप होता. २०१९ मध्ये ते निर्दोष सुटले, आणि वरच्या न्यायालयांतही तेच कायम राहिलं.

मुली इथे खवळतात. नर्सिंगच्या मुलींना किरणोत्सर्ग डोळ्यांसमोर आणता येत नाही, पण दहा तास कूस न बदललेला रुग्ण कसा होतो ते त्यांना नीट माहीत आहे. वॉर्डात दर दोन तासांनी त्याच वळवतात. शेवटच्या बाकावरच्या एकीने विचारलं होतं, "मॅडम, दहा तास डायपर?" मी हो म्हटलं. त्यानंतर काही वेळ कुणी वहीत लिहीत नव्हतं.

मिनामिसोमातल्या पाच वृद्ध-केंद्रांचा अभ्यास नंतर झाला. स्थलांतरानंतर तिथल्या माणसांच्या मृत्यूची जोखीम आधीच्या वर्षांच्या तुलनेत २.७ पट निघाली. खरी गोम मात्र पुढे आहे: पाचही केंद्रांत आकडा सारखा नव्हता. घाईघाईत, कुठे जायचं ते ठाऊक नसताना निघणं घातक ठरलं. पोहोचल्यावर कोण घेणार आहे, अन्न कसं भरवायचं हे सांगणारं माणूस सोबत आहे, अशी तयारी होती तिथे नुकसान कमी. म्हणून कागदावरच्या प्रश्नाला नुसतं "हो" किंवा "नाही" हे उत्तर मी अर्ध्या गुणाचंच धरते.

प्रांताचा हिशेबही असाच उलटा आहे. मियागी या शेजारच्या प्रांतात लाटेने साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. नंतरच्या हालअपेष्टांत गेलेल्यांची नोंद हजाराच्या आत आहे. फुकुशिमात लाट आणि भूकंपाने सुमारे १,६०० गेली आणि "आपत्तीशी संबंधित मृत्यू" २,३०० च्या वर. हा जपानी कायद्यातला स्वतंत्र रकाना आहे. घरच्यांनी अर्ज करायचा, समितीने ठरवायचं की हा मृत्यू स्थलांतराच्या दगदगीमुळे झाला की नाही. बहुतेक जण वयस्कर. आपल्याकडे असा रकानाच नाही. पुनर्वसनात गेलेला म्हातारा आपल्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडून जातो.

एवढ्यावर प्रकरण संपवलं तर ते म्हाताऱ्यांपुरतं राहील. गावातले बाकीचे साडेपाच-सहा हजार कुठे गेले?

बहुतेक फुकुशिमा शहरात आणि आसपास. गाव-कार्यालयही शहराच्या एका भागात थाटलं. घरं म्हणजे पत्र्याच्या भिंतींची तात्पुरती वसाहत किंवा सरकारने भाडं भरलेल्या खोल्या. डोंगरातल्या त्या घरांत आजी-आजोबा, मुलगा-सून, नातवंडं एकत्र राहत. तात्पुरत्या दोन खोल्यांत ती मावेनात. सून मुलांना घेऊन लांबच्या शहरात, मुलगा नोकरीच्या गावी, म्हातारी वसाहतीत. एका घराची तीन बिऱ्हाडं झाली. वसाहत दोन वर्षांसाठी होती. मुदत वाढत गेली.

मुदत वाढत जाणं म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आमची चाळ धोकादायक ठरली तेव्हा मी आठवीत होते. संक्रमण शिबिरात दोन वर्षं, असं सांगितलं होतं. मी लग्न होऊन बाहेर पडले तेव्हाही आईवडील तिथेच होते. चाळीत पाणी पहाटे साडेचारला यायचं. शिबिरात नळाला दिवसभर पाणी, तरी आजी साडेचारला उठायची, कळशी घासायची, भरायची आणि ओट्यावर ठेवून अंधारात बसून राहायची. चाळीत त्या वेळेला नळावर बारा बायका असत. गॅलरीत तांदूळ निवडायला बसलं की दुपार कशी गेली कळत नसे. इथे दार लावलं की संपलं. खाली उतरायचं तर चार मजले. दोन वर्षांत तिला साखर निघाली, गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, वयोमानाप्रमाणे. असेलही.

फुकुशिमाच्या वैद्यकीय विद्यापीठाने २०११ पासून प्रांतातल्या लोकांच्या आरोग्याची जी पाहणी चालवली आहे, ती वाचताना मला आजीची कळशी दिसत होती. स्थलांतर झालेल्यांमध्ये वजन वाढलं. मधुमेह, रक्तदाब, रक्तातली चरबी, यकृताचे बिघाड वाढले. कारणं गूढ नाहीत. वाफ्यात वाकणारी, डोंगरात अळंबी शोधणारी, गोठा झाडणारी माणसं अचानक दूरचित्रवाणीपुढे बसली. हातापायांना काम उरलं नाही आणि भाजी विकत आणायची वेळ आली. मानसिक ताणाच्या प्रश्नावलीत स्थलांतरितांपैकी १४.६ टक्के प्रौढ पहिल्या वर्षी धोक्याच्या रेषेवर होते. जपानात एरवी हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास असतं. पुढे ते उतरत गेलं, पण एरवीच्या पातळीवर लवकर आलं नाही.

आणि किरणोत्सर्ग? पहिल्या चार महिन्यांत शरीराबाहेरून मिळालेल्या मात्रेचा अंदाज प्रांतातल्या साडेचार लाखांहून जास्त लोकांसाठी काढला गेला. ९९.८ टक्के पाच मिलिसिव्हर्टच्या खाली होते. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये आठ-दहा मिलिसिव्हर्ट मिळतात. तेव्हा अठरा किंवा त्याखाली वय असलेल्या तीन लाखांहून जास्त मुलांची गळ्याची सोनोग्राफी झाली आणि पहिल्या फेरीत थायरॉइड कर्करोगाची किंवा त्याच्या संशयाची ११६ प्रकरणं सापडली. त्यातलं एक शस्त्रक्रियेनंतर साधी गाठ निघालं. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीचं म्हणणं, हे आकडे बारीक तपासणीमुळे वर आलेत, किरणोत्सर्गामुळे नव्हे. चेर्नोबिलला तसं नव्हतं. तिथे मुलांनी आयोडीनने दूषित झालेलं दूध आठवडेच्या आठवडे प्यायलं आणि थायरॉइड कर्करोग हजारोंच्या संख्येने झाले. फुकुशिमात दूध आणि भाजी लवकर थांबवली गेली.

हे आकडे मी शिकवते, कारण ते खरे आहेत. पण कुणी ते दाखवून "म्हणजे काहीच झालं नाही" म्हणालं की माझं डोकं फिरतं. ज्या आईच्या पोरीच्या गळ्यात गाठ सापडली, तिला "ती एरवी कधी कळलीही नसती" हे सांगून पाहा. शस्त्रक्रिया झालीच ना? आणि लहान मूल असलेली बाई गाव सोडून गेली ते चुकलं, असंही मी म्हणणार नाही. शंभर म्हाताऱ्यांसाठी थांबणं शहाणपणाचं होतं म्हणून सहा महिन्यांच्या बाळासाठीही असतं, असं होत नाही.

डाग मात्र मात्रा न पाहता लागला. स्थलांतर करून योकोहामाला गेलेल्या एका मुलाला शाळेत "जंतू" म्हणून चिडवत. "तुमच्याकडे भरपाईचे पैसे आहेत" म्हणत पोरांनी त्याच्याकडून सुमारे पंधरा लाख येन उकळले. हे २०१६ मध्ये उघड झालं. इवाकी शहरात २०१२ च्या डिसेंबरात सार्वजनिक इमारतींवर काळ्या रंगात लिहिलेलं सापडलं: आपत्तिग्रस्तांनो, परत जा. हुकमाने उठलेल्यांना मनस्तापाचे माणशी महिना एक लाख येन मिळत होते. रेघेपलीकडून स्वतःहून निघालेल्यांना एकरकमी किरकोळ. एकाच रस्त्याच्या अल्याड-पल्याड. प्रकल्पग्रस्ताचा दाखला कुणाला मिळाला आणि कुणाला नाही यावरून भावाभावांत अबोला धरलेली घरं आपल्याकडे मोजायला गेलं तर कोयनेपासून सुरुवात करावी लागेल. मुलींच्या लग्नाची काळजी हा वेगळाच विषय. पहिल्या पाहणीत साठ टक्क्यांच्या आसपास लोकांना वाटत होतं की पुढच्या पिढीवर परिणाम होईल. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांवर कित्येक दशकं अभ्यास होऊनही असा आनुवंशिक परिणाम सिद्ध झालेला नाही. पण स्थळ बघायला आलेले लोक अभ्यास वाचून येत नाहीत, ना तिथले ना इथले.

३१ मार्च २०१७ ला, एक वस्ती सोडून, बाकीच्या इइतातेवरचा हुकूम उठला. तोवर शेतातली वरची पाच सेंटिमीटर माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरली गेली होती आणि त्या पिशव्यांच्या राशी भातखाचरांत उभ्या होत्या. रानात मात्र घरांलगतची वीस मीटरची पट्टी तेवढी साफ झाली, त्यामुळे अळंबी आणि रानभाज्या गेल्या त्या गेल्याच. आज गावात दीड हजारांच्या आसपास माणसं राहतात, त्यातही बाहेरून नव्याने आलेली काही. परतली ती मुख्यतः वयस्कर. सहा वर्षांत पोरं शहरातल्या शाळेत रुळली होती.

वृद्धाश्रमाचं पुढे काय झालं, हे मुली हमखास विचारतात. माणसं जगली, रोजचा क्रम मोडला नाही, निर्णय योग्य होता असंच मागे वळून पाहणारे बहुतेक म्हणतात. अडचण आली ती दुसरीकडून. आजूबाजूला गावच नाही. लहान मुलं असलेल्या कर्मचाऱ्यांनी नोकरी सोडली. उरलेली शहरातून तासभर गाडी चालवत येत, हिवाळ्यात बर्फातून. नवं कुणी येईना. माणसं कमी झाली तशी नवीन म्हाताऱ्यांना घेणं अवघड झालं.

यंदाच्या कागदांत एक वेगळा होता. मानखुर्दची मुलगी, आई घरकाम करते, ही स्वतः शनिवार-रविवार एका आजीची रात्रपाळी करते. तिने "हलवायचं" किंवा "ठेवायचं" यातलं काहीच लिहिलं नव्हतं. मला वाटलं, वेळ पुरला नसेल. कागद उलटा केला तर मागे यादी होती:

"रात्रपाळीला कोण? दोघी तरी हव्यात. त्यांची मुलं कुठे ठेवणार? गॅस, पाणी, औषधं कोण पोचवणार? कोणी गेलं तर खांदा द्यायला चार माणसं गावात उरली आहेत का? हे आधी सांगा, मग उत्तर लिहिते."